डोळ्यांना लागणारी साखर

"आत्या, बाबा येणार असतील तर मी बोलणार नाही," भाची फोनवर म्हणाली.

तोवर कॉलेजच्या फलकावर सूचना लागून गेली होती. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर फेब्रुवारीत आमच्याकडे विज्ञान सप्ताह असतो आणि बाहेरचा वक्ता शोधण्याचं काम माझ्या गळ्यात पडतं. त्या वर्षी प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी जरा फुशारकीनंच म्हणाले होते, "वक्ता माझ्या घरातच आहे, सर." माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी हैदराबादला पीएच.डी. करत होती. ती त्या आठवड्यात गावी यायची होती. व्याख्यानाचा विषय मीच लिहून दिला: दृष्टिपटलातील पेशींना अन्न कसे मिळते.

फलकाचा फोटो मी कौतुकानं वहिनीला पाठवला. वहिनीनं तो दादाला वाचून दाखवला. आणि दादानं ताबडतोब पांढरा शर्ट इस्त्रीला काढायला सांगितला.

"तो शर्ट इस्त्री करून बसलाय," मी भाचीला म्हटलं. "आता कसं नाही म्हणणार?"

ती म्हणाली, "मी घरी आले की सांगते त्यांना. तू तिथे अस फक्त."

तिला काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं. दादाला माहीत नव्हतं.

आमचं घर जयगडच्या रस्त्यावर, कातळाखालच्या उतारावर आहे. वरून एसटी थांबते तिथून घरापर्यंत पाखाडी आहे, म्हणजे जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट. लहानपणी शेजारच्या वाडीतून परतताना दिवेलागण झाली की दादा माझा हात घट्ट धरायचा. आई सगळ्यांना सांगायची, "किती जीव लावतो हो बहिणीला!" मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात त्या पायऱ्या त्याला दिसतच नव्हत्या. बरं, आपल्याला काही कमी दिसतंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. अंधार पडला की सगळ्यांना असंच होत असणार, असं तो धरून चालला होता. दुसऱ्याच्या डोळ्यांनी कुणी कधी पाहिलेलं नसतं.

पुढे आंब्याच्या बागेची सगळी जबाबदारी त्याच्यावर आली, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी सहावी-सातवीत असेल तेव्हा एका संध्याकाळी त्यानं स्कूटर थेट बागेच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर घातली. रस्ता ओळखीचा, गडगा तर त्याच्या जन्माआधीपासून तिथे. हात मोडला. हाडाच्या डॉक्टरांनीच डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलं आणि आम्ही कोल्हापूरला गेलो, तो, वहिनी आणि मी. तिथल्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. दृष्टिपटलातल्या पेशी कडेकडेनं मरत जातात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं, मग समोरचंही अरुंद होत जातं. सावकाश होतं, वर्षानुवर्षं. इलाज नाही.

परतताना साखरप्याला गाडी थांबली. दादानं आमच्यासाठी चहा आणि वडे सांगितले, स्वतः दोन वडे खाल्ले, आणि हात पुसत म्हणाला, "हा विषय इथे संपला. घरात काढायचा नाही. पोरीसमोर तर नाहीच नाही."

आणि खरंच संपला. आमच्या घरात पावसाबद्दल, आंब्याच्या भावाबद्दल, माकडांबद्दल तासन् तास बोलणं व्हायचं, डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. दादाच्या चष्म्याबद्दलसुद्धा कुणी विचारायचं नाही. स्कूटर चुलत भावाला देऊन टाकली, ती का दिली हेही कुणी बोललं नाही.

त्याला दिसायचं ते मोठं विचित्र होतं. झाडाच्या शेंड्यावरचा तयार झालेला आंबा तो आमच्याआधी टिपायचा, घळ, म्हणजे टोकाला जाळी लावलेली लांब काठी, वर करून अचूक त्याच्याखाली नेऊन फळ जाळीत उतरवायचा. आणि मागे वळताना पायाशी ठेवलेल्या बादलीला धडकायचा. वर्तमानपत्र वाचायचा ते एकेक शब्द उचलून. समोरून आलेल्या माणसाला ओळखायचा, पण त्याच माणसानं पुढे केलेला हात त्याला दिसायचा नाही. काही लोकांना तो शिष्ट वाटायचा. वाटू दे, म्हणायचा.

वहिनीनं या सगळ्याला स्वतःचा एक मार्ग काढला होता. ती त्याच्यापुढे चालते आणि चालताना बोलत राहते. "पायरी आली, जपून" असं तिनं कधी म्हटलं नाही. "काय बाई, ही पायरी केव्हाची हलतेय, गवंड्याला सांगायला हवं," असं म्हणते. पायरी मुळीच हललेली नसते. घरातली खुर्ची ती जागची हलवत नाही, दार अर्धवट उघडं ठेवत नाही. शेजारच्या काकूंनी साखरेनं डोळे जातात असं कधीतरी सांगितल्यापासून तिनं दादाच्या चहातली साखर गुपचूप निम्मी केली होती. दादाला मधुमेह नव्हता. पण विषय काढायचा नसल्यामुळे त्याला तक्रारही करता येत नव्हती. तो मिळमिळीत चहा तो वर्षानुवर्षं पीत राहिला.

भाचीचा शाळकरी वयातला संध्याकाळचा वेळ बाबांच्या डाव्या बाजूला गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो सोसायटीत जायचा, देवळात जायचा. ती रत्नागिरीत बी.एस्सी. झाली, बाहेर गेली, पुढे पीएच.डी.ला लागली. काय शिकतेस म्हणून दादानं विचारलं तेव्हा म्हणाली, "पेशी साखर कशी घेतात त्याच्यावर काम आहे, बाबा." त्यामुळे गावात असा समज झाला की ही मधुमेहावर औषध शोधतेय. सुट्टीत आली की दोन-चार म्हातारे आपापले रक्ताचे रिपोर्ट घेऊन पडवीत हजर.

मी जीवशास्त्राची शिक्षिका, मला तेवढ्यानं भागेना. मी विचारलं, "कुठल्या पेशी गो?" ती खाली बघत म्हणाली, "डोळ्यांतल्या." मग सगळं सांगितलं. कोल्हापूरचे कागद तिनं शाळेत असतानाच वाचले होते. ज्या आजारानं बाबांची नजर चालली होती त्याच आजारात पेशींना साखर का मिळेनाशी होते, हाच तिचा विषय होता. "बाबांना सांगू नकोस," म्हणाली. "त्यांनी तो विषय बंद केलाय. आणि मी काही औषध आणणार नाहीये. उगाच आशा लागायची."

ती व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सकाळी आली. मीही रजा टाकून गावी गेले. दुपारी पडवीत वहिनी हाताला खोबरेल चोपडून ओल्या काजूच्या बिया चिरत बसली होती, चीक लागू नये म्हणून. दादा खुर्चीत. भाची म्हणाली, "मला मराठीत बोलायची सवय राहिली नाही. उद्याचं भाषण तुमच्यासमोर म्हणून बघते." मला कळलं, ती अशा वाटेनं त्या गोष्टीकडे जायचं बघतेय.

सुरुवात छान केली तिनं. दृष्टिपटलात उजेड पकडणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडाकार पेशी संख्येनं खूप जास्त. त्या मंद उजेडात काम करतात. शंक्वाकार पेशी थोड्या. त्यांच्यामुळे आपल्याला लख्ख उजेडात दिसतं, रंग कळतात, अक्षरं वाचता येतात. दोन्ही पेशी भारी खादाड. रोज त्यांच्या टोकाचा थोडा भाग झडतो आणि रोज तेवढा नवा बांधावा लागतो.

"त्यासाठी त्यांना साखर लागते. पण साखर पेशीत आपोआप शिरत नाही. पेशीच्या पटलात एक प्रथिन असतं, ते साखरेला आत घेतं. त्याला…" ती अडली. "आत्या, ट्रान्स्पोर्टरला काय म्हणतेस तू वर्गात?"

"वाहक."

वहिनीनं मान वर केली. "वाहक म्हणजे आपला एसटीतला कंडक्टर ना?"

"बरोबर आहे की मग," दादा म्हणाला. "दारात उभा राहून आत घेतो."

आम्ही सगळे हसलो. भाचीचा आवाज मोकळा झाला. म्हणाली, "पण हा वाहक एकटा पुरत नाही, बाबा. त्याच्या जोडीला दुसरं एक प्रथिन लागतं. मदतनीस म्हणू. काही वाहक तर मदतनीसाशिवाय पेशीच्या पटलापर्यंत पोचतच नाहीत. आत तयार होतात आणि आतच मोडीत निघतात. मदतनीस त्यांना धरून पटलापर्यंत आणतो आणि तिथे टिकवून ठेवतो. त्याच्याच जातीचा आणखी एक मदतनीस शंक्वाकार पेशींवर असतो, साखरेच्या वाहकाला बिलगून. तो नीट कामाला लागला की साखर भराभर आत जाते. मी त्या मदतनीसावर काम करते."

"आणि हे बघतेस कुणाच्या डोळ्यांत?" दादानं विचारलं.

"उंदरांच्या."

दादाला गंमत वाटली. "उंदराला तर रात्रीचं लख्ख दिसतं!"

"आमच्या उंदरांना दिसत नाही, बाबा." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "जन्मापासूनच त्यांच्या दंडाकार पेशींत दोष असतो. आधी त्या मरतात. मग बाजूचं दिसायचं बंद होतं. तुमच्यासारखंच."

वहिनीचा हात थांबला. खुर्चीच्या पाठीवरचा पंचा दादानं चाचपून घेतला, खांद्यावर टाकला आणि पडवीपुढच्या खळ्यातून सरळ बागेत निघून गेला. भरदुपार होती, ऊन स्वच्छ होतं, त्याला कुणाची गरज नव्हती. भाची उठायला लागली तशी वहिनी म्हणाली, "तू बस. वन्सं, तुम्ही जा."

तो खालच्या अंगाच्या कलमापाशी उभा होता. फळं लिंबाएवढी झाली होती. एक कैरी हातात घेऊन नुसताच कुरवाळत होता.

"तुला ठाऊक होतं?" न वळता त्यानं विचारलं.

"हो."

"मी विषय बंद केला तो कुणासाठी? तिच्यासाठीच ना? तिनं हे डोक्यावर घेऊन फिरू नये म्हणून. शिकावं, हिंडावं, मजेत राहावं. आणि ही माझ्या डोळ्यांपायी उंदरांत आयुष्य घालवतेय!" त्याचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "अगो, माझं जे व्हायचं ते होऊ दे. तिचं वय आहे का हे?"

"तिला असं वाटत असेल की हेच मजेत राहणं आहे."

"तुला काय कळतंय!"

"मला नाही कळत. तू तिलाच विचार."

त्यानं विचारलं नाही. जेवताना तो भाताबद्दल चांगलं बोलला, काजूच्या उसळीबद्दल चांगलं बोलला आणि लवकर आडवा झाला. मी दिवस मावळायच्या आत एसटीनं रत्नागिरीला परतले. दुसऱ्या दिवशी तो येईल की नाही, कुणालाच सांगता आलं नसतं.

तो आला. पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. वहिनी पुढे, कॉलेजच्या जिन्याबद्दल काहीबाही बोलत. दोघं पहिल्या रांगेत बसली. मी भाचीची ओळख करून दिली तेव्हा ती माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. पहिली दोन वाक्यं तिनं अडखळत उरकली. मागच्या बाकांवरची मुलं खुसखुसली. मग तिनं पाण्याचा घोट घेतला आणि बोलायला लागली. आणि मी इतकी वर्षं जे शिकवत आले त्याच गोष्टी मला नव्यानं ऐकाव्याशा वाटल्या. वाहक म्हणजे कंडक्टर हे तिनं आईच्या नावावर सांगितलं. सभागृह हसलं, वहिनीनं पदर तोंडाला लावला.

प्रश्नांच्या वेळी अकरावीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मग गोड जास्त खाल्लं तर डोळे चांगले होतील का?"

"नाही होणार," भाची म्हणाली. "रक्तात साखर पुरेशी असते. अडचण आहे ती पेशीत शिरण्याची. तुम्ही जिलबी खाऊन ती सुटणार नाही. उलट मधुमेह झाला तर डोळे दुसऱ्याच वाटेनं बिघडतील."

मग पहिल्या रांगेत एक हात वर झाला. दादा उठून उभा राहिला. व्यासपीठ उजेडात होतं, त्याला तिचा चेहरा नीट दिसत असणार.

"दंडाकार पेशींत दोष असतो, त्या मरतात, हे कळलं," तो म्हणाला. "पण शंक्वाकार पेशींत दोष नाही असं तुम्ही म्हणालात. मग त्या का मरतात?"

बाप पोरीला 'तुम्ही' म्हणत होता. मी वहिनीकडे बघितलं. तिनं माझा हात धरला होता ते मला तेव्हा कळलं.

भाचीनं टेबलाचा आधार घेतला. "हाच प्रश्न खूप दिवस सगळ्यांना पडला होता, बाबा," ती म्हणाली. 'बाबा' म्हटल्यावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "धडधाकट पेशी, त्यांच्या जनुकात काही खोट नाही, तरी शेजारच्या गेल्या की त्याही जातात. आता त्याचं थोडं उत्तर मिळालंय. दंडाकार पेशी एक छोटं प्रथिन बाहेर सोडत असतात. ते शंक्वाकार पेशीवरच्या मदतनीसाला जाऊन चिकटतं. मदतनीस साखरेच्या वाहकाला चालना देतो आणि साखर आत जाते. दंडाकार पेशी मेल्या की ते प्रथिन यायचं थांबतं. मदतनीस असतो, वाहक असतो, बाहेर साखरही असते. पण पेशीला पुरेल इतकी आत येत नाही. ती उपाशी पडत जाते. आणखीही कारणं असतील, सगळी अजून कळलेली नाहीत. पण हे त्यातलं एक आहे."

दादा उभाच होता. "म्हणजे ज्या उरल्यात त्या उपाशी आहेत. मेलेल्या नाहीत."

"ज्या उरल्यात त्या जिवंत आहेत. त्यांना खायला कसं पोचवायचं ते आम्ही शोधतोय. जगात इतरही लोक शोधताहेत. पण आज माझ्याकडे औषध नाही. केव्हा येईल ते मला सांगता येणार नाही. मी खोटं सांगणार नाही."

"नकाच सांगू," दादा म्हणाला आणि खाली बसला.

नंतर कँटीनमध्ये चहा आला. दादानं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमक्ष वहिनीला म्हणाला, "साखर माग. पूर्ण. तुझ्या पोरीनं आत्ता सांगितलंय, साखरेचा नि माझ्या डोळ्यांचा तसा काही संबंध नाही."

"अहो, मी कुठे कमी…" वहिनी बोलता बोलता थांबली आणि इतकी लाजली की आम्हाला हसू आवरेना. तिला वाटत होतं हे कुणाला कळलेलंच नाही.

चहानंतर आम्ही भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. सुरूच्या सावलीत बसलो. ऊन कलायला अजून अवकाश होता. दादानंच सुरुवात केली.

"किती वर्षं अजून हे उंदीर?"

"पीएच.डी. संपायला थोडी आहेत. नंतरही मला हेच करायचंय."

"माझ्यासाठी करू नकोस."

"सुरुवात तुमच्यासाठी केली," भाची म्हणाली. "ते खोटं नाही. पण आता माझ्यासाठी करते, बाबा. सकाळी लॅबला जाताना मला घाई होते. तुम्हाला बागेत जायची होते ना, तशीच. तुम्हाला या जन्मात काही फायदा झाला नाही तरी मी हेच करीन. मला वाईट वाटेल, पण मी करीन."

दादा समुद्राकडे बघत राहिला. मग त्यानं चाचपत तिचा खांदा शोधला आणि हात ठेवला. "असं आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विषय बंद केला होता."

"बंद केला होता खरा," दादा म्हणाला. "आता काय करू म्हणतेस?"

ती तयारच होती. "एकदा पुन्हा तपासून घ्या. कोल्हापूरनंतर तुम्ही कुठेच गेला नाहीत. नजर किती उरली ते मोजून घ्या आणि रक्त देऊन कुठल्या जनुकात दोष आहे ते बघा. उद्या काही आलं तर ते तुम्हाला चालेल की नाही हे त्याच्याशिवाय कळायचं नाही."

"हंगाम संपला की," दादा म्हणाला. बागायतदाराचं कुठलंही वचन असंच असतं. पण यानं ते पाळलं.

जूनच्या सुरुवातीला मी त्याला मुंबईच्या एका डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. नजरेचा घेर मोजायचं यंत्र म्हणजे एक मोठा पांढरा वाडगा. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूला स्टुलावर बसले होते. ठिपके चमकत होते, वर, खाली, डावीकडे. दादा बटण हातात धरून स्वस्थ बसला होता. थोड्या वेळानं त्यानं तंत्रज्ञ बाईंना नम्रपणे विचारलं, "ताई, सुरू कराल तेव्हा सांगा हं."

बाई म्हणाल्या, "सुरू आहे, काका. तुम्ही समोर बघत राहा."

माझ्या डोळ्यांना धार लागली. त्याला बाजूचं दिसत नव्हतं ते त्या दिवशी बरंच झालं. मग ठिपका मधोमध आला आणि त्यानं टकाटक बटण दाबलं, एकही न चुकता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बघ, मधले अजून जेवतायत वाटतं." डॉक्टरांनीही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. मधली नजर थोडी होती, पण बरी होती.

रक्ताचा निकाल पावसाळ्यात आला. दोष दंडाकार पेशींच्या एका जनुकात होता, आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत आलेली. माझ्यातही त्याची एक प्रत निघाली, भाचीत तर असणारच होती. एका प्रतीनं काही होत नाही. त्या जनुकावर आज उपचार नाही. हे ऐकून वहिनी दिवसभर उदास होती. दादाचं मात्र निराळंच. निदान त्या गोष्टीला नाव तरी मिळालं, म्हणाला. ते इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं नाव त्यानं पाठ केलं आणि आल्यागेल्याला ऐकवायला लागला. ज्या घरात डोळा हा शब्द निघत नव्हता तिथे पाहुण्यांना चहाबरोबर दृष्टिपटल मिळू लागलं.

पांढऱ्या काठीवरून मात्र बरीच हुज्जत झाली. इस्पितळातून येताना मी ती घेऊन दिली होती. "मी काही आंधळा नाही," म्हणून त्यानं ती कपाटामागे टाकली. एक दिवस वहिनीच ती काठी घेऊन पाखाडी उतरायला लागली. दादानं विचारलं, तू कशाला घेतलीस, तर म्हणाली, "माझे गुडघे." तिचे गुडघे उत्तम आहेत. आठवडाभरात दादानं काठी तिच्या हातातून काढून घेतली, तुला नीट धरता येत नाही म्हणून. आता तो काठीनं पायऱ्या मोजतो, पडलेली फळं चाचपतो आणि माकडं आली की जोरानं हवेत फिरवतो. लोकांचा हात पुढे आलेला दिसत नाही तेव्हा काठी दाखवतो, आणि मग तेच त्याचा हात हातात घेतात.

भाचीचा फोन आता रोज दुपारी येतो, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. पूर्वी आईशी बोलायची, दादा मागून "बरी आहे ना?" एवढं विचारायचा. आता फोन त्याच्या हातात असतो. आज काय केलंस, किती पेशी जगल्या, मदतनीसानं काम केलं का, सगळं खोदून खोदून विचारतो. तिचे गुरू विचारत नसतील इतकं विचारतो, असं ती म्हणते.

गेल्या मे महिन्यात मी तिथेच होते. तिचा फोन आला तो रडवेला. बरेच दिवस वाढवलेल्या पेशींत बुरशी शिरली होती, सगळं फेकून द्यावं लागलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आम्ही तिघंही फोनभोवती गोळा झालो. मग दादानं घसा साफ केला.

"कसली बुरशी? पांढरी?"

"हो. पांढरीच."

"भुरी असणार. आपल्याकडे मोहोरावर भुरी येते तेव्हा आपण गंधक मारतो. पहाटे, वारा नसताना."

पलीकडून हुंदका आला की हसू ते पहिल्यांदा कळेना. मग हसूच आलं. "बाबा, पेशींवर गंधक नाही हो मारता येत!"

"मग काय मारतात?"

"काहीच नाही. सगळं धुऊन, तापवून, पुन्हा सुरू करायचं."

"मग कर की," दादा म्हणाला. "जेवलीस का?"

"नाही."

"आधी जेव." आणि फोन त्यानं वहिनीकडे दिला, कारण पार्सलमध्ये किती आंबे पाठवायचे आणि त्यातले किती आढीतले, किती कच्चे, हे तिलाच ठरवायचं होतं.